येतानाचे पावणेपाच तास

१

दादाचं विमान जाताना सव्वापाच तास घ्यायचं आणि येताना पावणेपाच. मधलं अंतर तेच, तीन हजार आठशे किलोमीटर. हे मला कधी पटलं नाही. मी आठवीत शाळा सोडली आणि टायरच्या दुकानात लागलो, पण रस्ता एकच असेल तर जायला आणि यायला वेळही सारखाच लागणार, एवढं मलासुद्धा कळतं. दादा हसायचा.

"पंक्चर, वर वारा असतो. जाताना तोंडावर येतो, येताना पाठीवर."

पंक्चर हे त्यानं मला ठेवलेलं नाव. आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "वारा-बिरा काही नाही. जाताना त्याचा पाय निघत नाही, म्हणून वेळ लागतो."

तो तिकडे परदेशात उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. विमानात बसला की फोन बंद करायच्या आधी आईला एकच शब्द सांगायचा, "बसलो." आणि तिकडे दादा बसला की इकडे आई उठायची. तो उतरेपर्यंत ती कुठेही टेकायची नाही. पहिल्या वेळी तो गेला तेव्हाच तिनं हे धरलं. मी म्हटलं, "आई, बस की जरा." तर म्हणाली, "तिकडे लेकरू अधांतरी लटकलंय आणि मी इथे बूड टेकून बसू?"

मग ती भांडी घासायची, घासलेली परत घासायची, पंख्याची पाती पुसायची. सगळं संपलं की गॅलरीचा कठडा धरून उभी राहायची. मी चिडवायचो, "तू बसलीस तर काय विमान पडतं?"

"इतक्या वर्षांत पडलंय का एकदा तरी?" ती म्हणायची.

मग त्याचा फोन यायचा. "आई, उतरलो." ती जिथे असेल तिथेच फतकल मारायची, कधी स्वयंपाकघरात, कधी मोरीच्या उंबऱ्यावर. पाय लांब करायची, डोळे मिटायची आणि मला म्हणायची, "चहा टाक रे धाकट्या."

एवढंच. आमच्या घरात देवाधर्माचं काही नव्हतं. हे होतं.

२

दादा झोपेत गेला. त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राचा फोन आला. सकाळी कामाला उठवायला गेला तर अंग गार. हृदय बंद पडलं म्हणाले. लिफ्ट मध्येच बंद पडली तर ती चालू करायला माणूस येतो, इथे कोण येणार.

त्यानंतर नुसते कागद. कंपनीचा शिक्का, दवाखान्याचा शिक्का, तिकडच्या सरकारचा, इकडच्या सरकारचा. मामा सगळीकडे फोन लावत होता. आई तोवर ठीक होती. म्हणजे रडली, लोकांत बसली, जेवली नाही, मग जेवली. सगळ्यांच्या आया जशा असतात तशी होती.

मग एका दुपारी मी दुकानात होतो. ट्रकचं चाक अर्धं सोडवलेलं, दोन्ही हात ग्रीसनं काळे. दादाच्या मित्राचा फोन आला. "चढवलं रे. विमान सुटलं आत्ताच."

मला घरी कळवायचं होतं. घरी फोन लावला आणि लावल्यावर माझ्या लक्षात आलं की सांगायचं काय हेच ठरवलेलं नाही. दादाला चढवला असं म्हणू? पाठवला म्हणू? सामान चढवतात, पार्सल पाठवतात. आई पलीकडून "बोल ना" म्हणाली आणि माझ्या तोंडून जे दरवेळच्या सवयीचं होतं तेच निघालं.

"आई, दादा बसला."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला फोनमध्ये स्पष्ट ऐकू आला.

३

माणसं येतात त्या दाराशी आम्हाला जायचं नव्हतं. विमानतळाच्या मागच्या बाजूला मालाची शेड होती. तिथे फुलांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग, थर्माकोलच्या पेट्या, सगळं थप्पीनं लावलेलं. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कशाचा माल?"

"माझा भाऊ आहे," मी म्हणालो.

त्यानं कागद बघितला आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग बोलला तो हळू आवाजात बोलला.

फोर्कलिफ्टवरून पेटी आली. पत्र्याचं अस्तर, कडेनं झाळून बंद केलेलं, वरून लाकूड. एका टोकाला मार्करनं इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मी विचारलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, "डोकं त्या बाजूला आहे, एवढंच लिहिलंय. उचलताना कळावं म्हणून."

मी म्हटलं, "उघडा."

"उघडता येत नाही."

"मला बघायचंय त्याला. मला माहीत कसं पडणार आत तोच आहे?"

मामानं माझा दंड धरला. "अरे, किती दिवस झालेत. जसा होता तसा राहू दे डोळ्यांसमोर."

मी हात झटकून आम्ही आणलेल्या गाडीकडे पळालो, सीटखालची पहार काढली आणि परत आलो. फळीच्या फटीत घातलीसुद्धा. मग मामा, गाडीचा ड्रायव्हर आणि तो खिडकीतला माणूस, तिघांनी मिळून मला धरलं. मी मामाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो नुसता म्हणत राहिला, "बोल. बोल मला. पण उघडायचं नाही."

घरी पेटी न्यायची नाही हे मामानंच ठरवलं होतं. "ताईला बंद खोकं दाखवून काय मिळणार?" शेडमधून आम्ही सरळ विद्युतदाहिनीत गेलो. तिथेही पेटी आत नेऊन उघडली, माझ्यासमोर नाही. लोखंडी दार वर गेलं, खाली आलं. परत येताना मडकं माझ्या मांडीवर होतं आणि ते अजून कोमट होतं. चपातीचा डबा घेऊन बसावं तसं मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

घरी आलो तर आई गॅलरीत कठडा धरून उभी.

"ताई, झालं सगळं," मामा म्हणाला. "बस आता."

"त्याचा फोन नाही आला," आई म्हणाली.

४

तिला वेड लागलं नव्हतं. हे मी आधी सांगतो, कारण सगळे तेच म्हणत होते. भेटायला येणाऱ्यांना ती नीट उत्तरं द्यायची. "हो, गेला. झोपेतच. त्रास नाही झाला म्हणतात." दादाचे कपडे तिनं स्वतः घड्या घालून ठेवले, उभ्यानं. फक्त मध्येच म्हणायची, "पण पोचायचाय अजून. उतरला असता तर फोन केला असता. तो कधी विसरत नाही."

ती उभी राहायची. कपाट आणि भिंत यांच्या कोपऱ्यात अंग रेलून डोळा लावायची, घोडा झोपतो तशी. मी तिच्यासमोर टेबल सरकवून दिलं, त्यावर उशी ठेवली, म्हणजे हात आणि डोकं तरी टेकेल. तिनं उशी परत दिली.

एकदा मी आणि मामानं ठरवून तिला उचललं. मी काखेतून, मामानं पाय. तिची पावलं जमिनीवरून सुटली त्या क्षणी ती अशी ओरडली की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. "पडेल तो, पडेल, सोडा मला." मामाच्या मनगटाला तिनं कडकडून चावा घेतला. आम्ही तिला परत उभी केली. ती लगेच शांत झाली आणि मामाच्या हाताला हळद लावायला हळद शोधू लागली.

तिची पावलं सुजून चपलेत मावेनाशी झाली. घोटे जांभळे पडले. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "नुसती सूज नाहीये ही. पायात गुठळी व्हायला लागलीय. ती सुटून वर सरकली तर मला काही करता येणार नाही. औषध देते, पण आधी त्यांना बसवा. पाय वर घ्यायला लावा."

"ती बसतच नाही."

"काहीही करा. पण बसवा, नाहीतर याच पायांनी जातील त्या."

हे मी पाठ केलं. मला दुसरं कुठलं वाक्य असं पाठ नाही.

५

दादाची खोली मागच्या अंगाला आहे. एक पलंग, एक फळी, एक खिडकी. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. तो नसला की मी तिथे झोपत नसे, खोली त्याची ती त्याची. पण आईसमोर रडता येत नव्हतं, म्हणून दुपारी दुकानातून जेवायला आलो की मी तिथे जाऊन बसायचो.

फळीवर वेफर्सचं एक पाकीट होतं. मागच्या सुट्टीत त्यानं आणलेलं, राहून गेलेलं. ते फुगलं होतं. इतकं की वरची चकचकीत अक्षरं ताणली गेली होती, बोट मारलं तर ढोल वाजावा तसं वाजलं. मला वाटलं, खराब झालं असेल, टाकून देऊ. उचललं आणि स्वयंपाकघरात आणलं, तर माझ्या हातात ते मऊ पडलं. सगळ्या पाकिटांसारखं. आईनं बघितलं.

मी ते परत खोलीत नेलं. उंबरा ओलांडला आणि पाकीट माझ्या बोटांखाली फुगायला लागलं.

दादानं एकदा मला विमानातला फोटो दाखवला होता, हातात असंच पाकीट घेऊन. "बघ, तुझ्या ट्यूबसारखं टम्म झालंय. सांग का?" मी लगेच सांगितलं होतं. बाहेरची हवा पातळ झाली की आतली हवा अंग ताणते. त्याला माझं फार कौतुक वाटलं होतं. "शाळेत शिकवलं असतं तर कळलं नसतं तुला," म्हणाला होता.

म्हणून मला त्या दिवशी काय दिसतंय ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच पटत नव्हतं. उकाड्यानंही हवा फुगते. पण खोली गार होती, बाहेरपेक्षा गार. आणि मुख्य म्हणजे दाराखाली बोटभर फट, खिडकीची एक काच फुटकी. टाचणीएवढं भोक असलं तर ट्यूबमध्ये हवा टिकत नाही, हे माझं रोजचं काम. मग या खोलीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वेगळी राहीलच कशी?

दुसऱ्या दिवशी दुकानातून सायकलची एक ट्यूब आणली. अर्धी हवा भरली, दोरीसारखी लोंबेल इतकी. बाहेर धरली, लोंबली. खोलीत नेली, उभी राहिली. बाहेर, आत, बाहेर, आत. मालकाचा फोन येत होता, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. मी उचलला नाही.

मग कान दडले. आवंढा गिळल्यावर टक् करून सुटले आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. कदाचित तो आधीपासूनच होता. कॉम्प्रेसरच्या टाकीला कान लावला की येतो तसा, एकसुरी, कुठूनच येत नाहीसा वाटणारा. मी पलंगाच्या लाकडावर हात ठेवला. लाकूड बारीक थरथरत होतं.

मी बरोबर पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली आणली होती. अर्धी पिऊन झाकण लावलं आणि ती तिथेच ठेवून बाहेर पडलो. दार लावताना ते माझ्या हातातून आत ओढलं गेलं.

आई बाहेर उभी होती. तिचा तळहात त्या खोलीच्या भिंतीवर होता.

"हलतंय, नाही का?" ती म्हणाली. "पण पडत नाहीये. पडणार नाही तो."

६

मी मामाला खोलीत घेऊन गेलो. काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, बस. तो पलंगावर बसला. थोड्या वेळानं त्यानं जांभई दिली. मग करंगळी कानात घालून हलवली.

"सर्दी होणार वाटतं मला," तो म्हणाला. "ही खोली कोंदट आहे रे. खिडकी उघड ती."

"उघडीच आहे."

त्यानं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पंखा लावलायस का कुठे?"

"नाही."

"मग घूं घूं काय वाजतंय?"

फळीवरचं पाकीट त्याला दाखवावं असं मनात आलं, पण तो उठलाच. बाहेर आल्यावर त्याच्या कपाळावर घाम होता आणि हात गार. "सामान काढून टाकू या खोलीतलं," तो म्हणाला. "रंग देऊन घेऊ. छान पिवळा वगैरे."

"मामा, पावणेपाच तासांचं विमान आहे."

"काय?"

"येताना पावणेपाच तास लागतात. आज त्याला बसून सहा दिवस झाले. तो अजून वरच आहे. आपण 'बसला' म्हणून सांगितलं, 'उतरला' म्हणून कुणी सांगितलंच नाही. आईलाही नाही आणि त्यालाही नाही."

मामानं माझ्या थोबाडीत मारली. जोरात नाही. मग मला जवळ घेतलं आणि आमची दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, कारण आम्हाला असं काही करायची सवय नाही.

जाताना तो जिन्यात थांबला. "तुझ्या आईला सांग काहीतरी," म्हणाला. "खोटं का होईना. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. तिला बसव बाबा. मला एकच बहीण आहे."

७

दादाचा मोबाइल त्याच्या कपड्यांबरोबर पिशवीतून आला होता. मी तो चार्ज केला. त्याचा आणि माझा आवाज फोनवर एक. आई नेहमी विचारायची, "कोण, थोरला का धाकटा?" आणि आम्ही मुद्दाम तिला फसवायचो.

भर दुपार होती. मी जिन्यावर जाऊन बसलो आणि त्याच्या फोनवरून आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. कोण म्हणून विचारलं नाही. तिचा नुसता श्वास येत होता.

"आई," मी म्हणालो. "उतरलो."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. होत नव्हती. प्लगमध्ये कचरा असणार.

"उतरलास?" आई म्हणाली.

"हो."

"एवढा वेळ का लागला रे?"

हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. "वारा होता, आई."

"येताना तर तो पाठीवर असतो ना?"

मी जिन्याच्या कठड्यावर कपाळ टेकलं. "या वेळी नव्हता," म्हणालो.

"थंडी वाजली का तुला तिथे?"

"नाही गं."

"बरं. बरं झालं." ती म्हणाली. "ये सावकाश. घाई करू नकोस."

मी फोन बंद केला. तिथून उठून घरात जायला मला धीर होत नव्हता. जिन्यावरच चेहरा पुसला, शर्टाला, मग ग्रीस तोंडाला लागलं ते परत पुसलं.

आत गेलो तर आई स्वयंपाकघरात बसली होती. भिंतीला पाठ टेकून, जमिनीवर, पाय लांब करून. मला बघून हसली. "थोरल्याचा फोन होता. उतरला."

मी दोन उशा आणून तिच्या घोट्यांखाली ठेवल्या. पाय दाबले. बोट उचललं की तिथे खळगा राहत होता, ओल्या मातीत राहतो तसा, आणि मग हळूहळू भरून यायचा. मी ते भरणारे खळगे बघत बसलो. दादा गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी दुरुस्त केल्यासारखं वाटत होतं.

"चहा टाक रे धाकट्या," ती डोळे मिटून म्हणाली.

मी उठून गॅस पेटवला.

८

पाणी उकळायच्या आधीच तो आवाज आला. मागच्या खोलीतून, कडकड, कडकड, कुणीतरी मुठीत काहीतरी चुरगाळावं तसा. मला तो लगेच ओळखू आला. झाकण लावलेली बाटली चेपत होती. म्हणजे खोलीतली हवा जड होत चालली होती. म्हणजे खोली खाली येत होती.

मी गॅस बारीक केला. माझे कान दडले, सुटले, परत दडले. घूं घूं बदलली, जाड झाली, मग तिला खरखर आली. मांडणीवरचे चमचे किणकिणले. एकदाच, जमिनीखालून आल्यासारखा, एक दणका बसला, आणि त्यामागून लांबच लांब घरंगळणारा आवाज, कमी कमी होत गेलेला. मग काही नाही. इतके दिवस तो आवाज घरात होता हे तो थांबल्यावर नीट कळलं.

आई डोळे न उघडता म्हणाली, "जा. दार उघड त्याला. हातात सामान असेल."

मी गेलो. मला भीती वाटत होती असं मी म्हणणार नाही. मला घाई झाली होती. शेडमध्ये तिघांनी मला धरलं होतं, इथे धरायला कुणी नव्हतं.

दार आत ओढलेलं नव्हतं. मी हात लावला आणि ते सहज उघडलं, एवढंसं.

पलंगाच्या कडेला कुणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलेलं, प्रवासात झोप लागल्यावर टेकतात तसं. शर्ट मी पूर्वी पाहिलेला नव्हता. मान मी पाहिलेली होती. लहानपणी सगळीकडे मी त्याच्या सायकलवर मागे बसून गेलोय. त्या मानेवरचा केसांचा भोवरा, कॉलरच्या बाहेर आलेलं शर्टाचं लेबल, जे आत घालायचं त्याला कधी कळलं नाही. केसांवर काहीतरी पांढरं होतं, फ्रिजच्या कडेला धरतं तसं. दुपारच्या उजेडातही ते वितळत नव्हतं.

"दादा," मी म्हणालो. म्हणालो की नाही कोण जाणे, ओठ हलले.

तो मागे वळला नाही. झोपेनं जड झालेल्या आवाजात, शेजारच्या सीटवरच्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं, "आलं का रे आपलं?"

मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर तो उठला असता. उठला असता तर वळला असता, आणि मला त्याचा चेहरा दिसला असता. तेवढ्यासाठी मी पहार उचलली होती. माझा पाय उंबऱ्यावर होता. पण तेव्हा माझ्या मांड्यांना ते कोमट मडकं आठवलं. उतरून तो येणार कशात होता? पाय कुठे टेकणार होता? उतरायला आम्ही त्याला काही ठेवलंच नव्हतं. एका दुपारीत, कागदावर सह्या करून, आम्ही ते संपवून आलो होतो. आणि त्याला ते माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं तो घरी येतोय.

"नाही, दादा," मी म्हणालो. "अजून आहे. झोप तू."

"हं," तो म्हणाला. खांदा सरकवून त्यानं डोकं परत चौकटीला नीट टेकलं. "आलं की उठव मग मला, पंक्चर."

"उठवतो."

मी दार लोटलं. लोटावं लागलं नाही, ते आतूनच खेचलं जाऊ लागलं होतं. पलीकडे बाटली टप् करून सरळ झाली. जमीन माझ्या तळव्यांखाली बारीक थरथरायला लागली आणि तो आवाज परत सुरू झाला, एकसुरी, भरलेला, जरा वर चढत जाणारा.

मी स्वयंपाकघरात आलो. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. आई तशीच बसली होती, उशांवर पाय, आणि माझ्याकडे बघत होती. पायांचा जांभळा रंग जरा उतरला होता. खरंच उतरला होता.

"आला?" तिनं विचारलं.

तिला मी हो म्हणू शकलो असतो. पण भिंतीला टेकलेली तिची पाठ तो आवाज ऐकत होती.

"अजून वेळ आहे, आई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे हात केला. मी तो धरला आणि तिला उठवलं. उभी राहताना ती एकदा कण्हली, मग तिनं पावलं नीट जुळवून जमिनीवर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी जिन्यात सांगितलेला शब्द न् शब्द मला पाठ होता. मी तिला बस म्हणालो नाही.